पुस्तक किती जाड आहे, ते आधी सांगा

मुलांसाठी वाचनालयाची वेबसाइट करायची ठरली की पहिल्याच बैठकीत घुबड येतं. चष्मा लावलेलं, काखेत पुस्तक धरलेलं. घुबडापाठोपाठ इंद्रधनुष्य, गोलमटोल अक्षरांचा फॉन्ट आणि उड्या मारणारी बटणं येतात. सगळे खूश होतात. मग घुबडाच्या पोटाखाली शोधाची चौकट बसवली जाते, आणि ती असते मोठ्यांच्या ओपॅकचीच (ओपॅक म्हणजे वाचनालयाची ऑनलाइन तालिका, पुस्तकांच्या नोंदींची यादी): शीर्षक, लेखक, विषय, प्रकाशक, आयएसबीएन हा पुस्तकाचा क्रमांक. आठ वर्षांच्या मुलाला प्रकाशक विचारणारी चौकट! फक्त तिच्या कडा आता गुलाबी असतात.

मी पोटासाठी वेबसाइटी बनवते. बँका, विमा, तिकिटं असल्या कामांत माणूस काहीतरी ठरवून आलेला असतो आणि आपण त्याच्या वाटेत यायचं नाही, एवढंच काम असतं. एका वाचनालयाच्या बालविभागाचं काम घेतलं तेव्हा ही सवय बाजूला ठेवावी लागली. मूल ठरवून येत नाही. त्याला पुस्तक हवं असतं, पण कुठलं ते त्याला दिसल्यावर कळणार असतं.

बालविभागातल्या टेबलाशी गप्प बसून ऐकलं तर मागण्या कशा येतात? "भुताचं द्या, पण फार भीती वाटणारं नको." "त्याच्या पुढचं आहे का?" (कशाच्या, हे विचारायचं नाही. मागच्या वेळी काय नेलं ते तुम्हालाच आठवायला हवं.) "एखादं बारीक आहे का?" "ते निळं होतं ना, ते." "कुत्र्याचं द्या, पण त्यात कुत्रा मरायला नको." ही शेवटची मागणी मला फार आवडते. मी पाहिलेल्या एकाही तालिकेत तिला उत्तर देणारा रकाना नाही. ग्रंथपाल मॅडम मात्र रजिस्टरमधून मान वर न काढता मागच्या मांडणीकडे बोट दाखवतात आणि कप्पासुद्धा बरोबर सांगतात.

या मॅडम निवृत्तीला आलेल्या, नोंदींच्या बाबतीत कडक. माझा पहिला आराखडा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "घुबड छान आहे गं. पण मुलानं दाबायचं काय?"

या कामाबद्दल आता माझं एक ठाम मत आहे. मुलांच्या वाचनालयाची वेबसाइट पडद्यावर बिघडत नाही, ती तालिकेत बिघडते. रंग, चित्रं, बटणं ही नंतरची कामं. त्याआधी प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत मुलांना लागणारी माहिती आहे का, हे बघावं लागतं. बरीचशी असते, पण अशा जागी आणि अशा रूपात की वेबसाइटपर्यंत ती पोचतच नाही.

आधी शोधाच्या चौकटीबद्दल, कारण सगळे वाद तिथूनच सुरू होतात. ती मुलाकडून एका दमात किती गोष्टी मागते बघा. हव्या त्या गोष्टीचं नाव माहीत हवं, ते लिहिता यायला हवं, कळफलकावर ती अक्षरं सापडायला हवीत, आणि एवढं झाल्यावर पुढ्यात आलेल्या लांबलचक यादीतून निवडही करता यायला हवी. मूल "मला वाघाची गोष्ट पाहिजे" असं अख्खं वाक्य टाइप करतं, कारण माणसाला आपण तसंच सांगतो. साधी शोधयंत्रणा त्यातला प्रत्येक शब्द नोंदीत हुडकते. 'मला' आणि 'पाहिजे' तिथे नसतात, आणि उत्तर येतं शून्य. नुसतं 'वाघाची' लिहिलं तरी नोंदीत 'वाघ' आहे. शब्दाला लागलेला प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत पोचणं हे वेबसाइटचं काम आहे, मुलाचं नाही. भूत-भुत, फुलपाखरू-फुलपाखरु, डायनासोर-डायनोसॉर-डायनोसोर हे शोधापुरतं एकच धरायचं, शोधसूची बनवतानाच ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काढून टाकायचा. शुद्धलेखनाचा तास शाळेत असतो.

पडद्यामागे आणखी एक घोळ आहे, तो मोठ्यांनाही छळतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकाच चिन्हानं लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र चढवूनही. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी, आणि युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची रीत) चालवलं तरी ती एक होत नाहीत. 'तऱ्हा'मधला ऱ् काही कळफलक थेट देतात, काही 'र'ला नुक्ता जोडून, तर काही न दिसणारं जोडचिन्ह घालून. पहिल्या दोघांची सांगड सामान्यीकरणात बसते, तिसरा बाहेरच राहतो. म्हणजे नोंद करणाऱ्यानं 'ॲम्ब्युलन्स' एका पद्धतीनं लिहिली आणि मुलाच्या हातातल्या फोननं दुसऱ्या, की पुस्तक कप्प्यात उभं असूनही वेबसाइट 'नाही' म्हणते. कुठली रूपं एकच धरायची याचा हातानं तक्ता करणं हाच इलाज. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

इतकं सगळं करूनही चौकट ही दुसरी वाट. पहिली वाट बघत बघत जाण्याचीच हवी.

हे काही मला सुचलेलं नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये ॲनेलीस मार्क पेयटरसन या संशोधिकेनं 'बुक हाउस' नावाची प्रणाली उभी केली. पडद्यावर एक घर, त्यात मुलांची खोली वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि आत चित्रांवर टिचकी मारत कथा-कादंबऱ्या शोधायच्या. लोकांना आठवतं ते ते घर. मला त्याच्या आधीचं काम जास्त मोलाचं वाटतं. वाचक आणि ग्रंथपाल यांच्यात टेबलावर होणारी बोलणी त्यांनी आधी नीट ऐकली होती. लोक ललित पुस्तक मागतात तेव्हा विषय सांगतात, काळ आणि ठिकाण सांगतात, पुस्तकानं आपल्याला काय द्यावं ते सांगतात आणि वाचायला कितपत सोपं हवं तेही सांगतात. त्यावरून त्यांनी वर्गीकरणाची नवी चौकट बनवली आणि पुस्तकांच्या नोंदी त्या चौकटीत केल्या. घर त्यानंतर बांधलं. नोंद आधी, पडदा नंतर. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा होतो, कारण पडदा बैठकीत दाखवता येतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रिस्टीन बोर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकांची एक तालिका केली होती. मॅकिंटॉशवर चालणारी, पडद्यावर पुस्तकांच्या मांडण्या दाखवणारी. मांडणीवर टिचकी मारली की आतली मांडणी उघडायची, टाइप काहीच करायचं नाही. वेब घरोघरी पोचण्याआधीची गोष्ट आहे ही. त्यानंतर इतक्या वर्षांनीही गुलाबी कडांची चौकट बसवली जाते तेव्हा मला जरा चीड येते.

आणि मग आयसीडीएल, म्हणजे इंटरनॅशनल चिल्ड्रन्स डिजिटल लायब्ररी. नोव्हेंबर २००२ मध्ये मेरीलँड विद्यापीठ आणि इंटरनेट आर्काइव्ह यांनी ती सुरू केली. ॲलिसन ड्रुइन आणि बेन बेडरसन यांच्या गटात सात ते अकरा वयाची मुलं शाळा सुटल्यावर येऊन बसायची आणि मोठ्यांच्या बरोबरीनं आराखडे करायची. मुलांनी मागितलं काय, तर मुखपृष्ठाच्या रंगावरून शोध. वाचून कसं वाटतं त्यावरून शोध. पुस्तक छोटं आहे की मोठं, प्राणी खरेखुरे आहेत की कल्पनेतले. यातलं बरंचसं प्रत्यक्ष बटणं होऊन आलं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला 'लाल मुखपृष्ठ' हा शोधाचा निकष म्हणजे पोरखेळ वाटेल, पण टेबलावरच्या "ते निळं होतं ना" या मागणीला तेच एक सरळ उत्तर आहे.

आयसीडीएलच्या अनुभवातली दुसरी गोष्ट मी जवळपास उचललीच. आधी त्यांचे प्रकार एकात एक दडलेले होते: विषय उघडा, त्यात प्राणी, त्यात पक्षी. लहान मुलं तिसऱ्या पायरीला आपण कुठून आलो ते विसरतात आणि परत फिरण्याचं बटण शोधत बसतात. सगळे निकष एकाच पडद्यावर सपाट मांडल्यावर मुलं दोन-तीन बटणं एकत्र दाबू लागली: 'छोटं' आणि 'प्राणी' आणि 'लाल'. संगणकशास्त्रात याला बुलियन शोध म्हणतात आणि तो कळायला अवघड समजला जातो. चित्रांची बटणं दाबताना तो मुलांना कुणी शिकवावा लागत नाही.

एकात एक पायऱ्या म्हटलं की पुस्तकांना विषयवार आकडे देणारा मेल्विल ड्यूई आठवतो. १८७६ सालची ती दशांश पद्धत मांडणीवर पुस्तक कुठे उभं करायचं यासाठी उत्तम आहे. प्रत्येक पुस्तकाला एकच जागा मिळते आणि सापडते. पण वेबसाइटच्या मेनूला तिचं झाड जसंच्या तसं टांगलं की गंमत सुरू होते. लांडगा ५९९मध्ये सस्तन प्राण्यांत, पाळीव कुत्रा ६३६मध्ये पशुपालनात. ग्रह ५२३मध्ये खगोलशास्त्रात, त्या ग्रहांकडे जाणारं यान ६२९.४ला अभियांत्रिकीत. डायनासोर ५६७.९ला जीवाश्मांत. मुलाच्या डोक्यात कुत्रा आणि लांडगा भाऊभाऊ असतात, आणि यान बघणाऱ्याला ग्रह बघायचेच असतात. मांडणीवर एक पुस्तक दोन ठिकाणी उभं राहू शकत नाही, वेबसाइटवर पाच ठिकाणी राहू शकतं. म्हणून 'अंतराळ' नावाच्या एका बटणाखाली आम्ही दोन्हीकडचे वर्गांक एकत्र केले. बोधांक, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरचा जागेचा क्रमांक, तसाच ठेवला, ठळक, कारण शेवटी मुलाला मांडणीपर्यंत तोच नेणार आहे.

आता मुद्द्यावर. "एखादं बारीक आहे का?" या मागणीचं बटण करायचं होतं. मी मॅडमना विचारलं, जाडी कुठे मिळेल? वाटलं होतं की प्रत्येक पुस्तक मोजावं लागेल. त्या म्हणाल्या, "अगं, तीनशेचा टॅग बघ की. पानं तिथंच लिहितो आम्ही. उंचीपण असते, सेंटिमीटरमध्ये."

मार्क नावाचा जो नोंदींचा साचा जगभरची वाचनालयं १९६०च्या दशकापासून वापरतात, त्यात खरोखरच हे सगळं आहे. ३००व्या टॅगमध्ये, म्हणजे नोंदीतल्या त्या क्रमांकाच्या रकान्यात, पानं, चित्रं आहेत की नाहीत आणि पुस्तकाची उंची. ४९०मध्ये मालिकेचं नाव आणि भाग. सुरुवातीच्या ००८ या ओळीत बाविसाव्या जागी वाचक कोण याचं एक अक्षर: 'ए' म्हणजे शाळेत न जाणारं मूल, 'बी' म्हणजे प्राथमिक, 'जे' म्हणजे सरसकट बालवाचक. मोठ्यांच्या ओपॅकवर यातलं बहुतेक 'संपूर्ण नोंद पाहा' या दुव्यामागे पडून असतं. तिथे कोणीही जात नाही.

म्हणून पानांवरून तीन बटणं केली: बारीक, मध्यम, जाडजूड. चालवून बघितलं, तर 'बारीक'मध्ये चित्रपुस्तकंच नाहीत! कारण चित्रपुस्तकांवर बहुधा पानांचे आकडे छापलेले नसतात, आणि ज्यावर आकडे नाहीत त्याच्या नोंदीत 'अपृष्ठांकित' असं लिहायची रीत आहे. म्हणजे वाचनालयातल्या सगळ्यांत बारीक पुस्तकांची जाडी यंत्राच्या लेखी अज्ञात. मॅडमनी यावर एक व्यवहारी तोडगा सांगितला. चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांचीच असतात, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की सोळाच्या पटीत पानं पडतात. त्यामुळे अपृष्ठांकित, सचित्र आणि लहान मुलांचा कोड, हे तिन्ही एकत्र असेल तर ते सरळ 'बारीक'मध्ये टाकायचं. उरलेली थोडीफार हातानं बघायची.

उंचीचा उपयोग मला फार गोड वाटतो. वेबसाइटवर सगळी मुखपृष्ठं एकाच मापाच्या चौकोनात कोंबलेली असतात. तळहाताएवढं पुठ्ठ्याचं पुस्तक आणि भलाथोरला नकाशासंग्रह शेजारी शेजारी, सारखेच. आम्ही ३००मधल्या सेंटिमीटरांवरून चित्रं लहानमोठी केली आणि सगळी एका तळरेषेवर उभी केली. आराखडा बेशिस्त दिसतो. माझ्या एका सहकाऱ्याला तो अजून सहन होत नाही. पण छोटं पुस्तक हवं असलेलं मूल वाचता न येतासुद्धा बरोबर छोट्यावर बोट ठेवतं.

मालिकेचं काम सगळ्यांत किचकट निघालं. "त्याच्या पुढचं" हे बटण मुलांना सगळ्यांत जास्त हवं असतं, आणि नोंदींमध्ये भाग कसे लिहिलेले? 'भाग ३', 'भाग तिसरा', 'पुस्तक तीन', काही ठिकाणी नुसता शीर्षकाला चिकटलेला आकडा, काही ठिकाणी काहीच नाही. दहावा भाग पहिल्याच्या पाठोपाठ आणि दुसरा त्यानंतर, कारण यंत्र आकडे अक्षरांसारखे लावतं. हे मॅडमनी आणि त्यांच्या मदतनीस ताईंनी बसून साफ केलं. मी त्यात एक ओळही कोड लिहिला नाही, आणि मुलांच्या दृष्टीनं वेबसाइट सुधारली ती त्यामुळेच.

रंगाची गोष्ट निराळी. रंग नोंदीत नसतो, पण मुखपृष्ठाच्या चित्रावरून काढता येतो. चित्राच्या कडेची पांढरी पट्टी आणि वाचनालयाचं लेबल वगळायचं, मग सगळ्यांत जास्त पसरलेला रंग घ्यायचा. हिशोब सोपा. अडचण दुसरीकडे होती. खूप हाताळलेली पुस्तकं वाचनालयं पुन्हा बांधून घेतात, आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत मूळ मुखपृष्ठ जातं. प्रकाशकाकडून आलेल्या चित्रात पुस्तक पिवळं, मांडणीवर तपकिरी. मूल पिवळं शोधत तीन फेऱ्या मारतं आणि परत येऊन म्हणतं, तुमच्यात ते नाहीच. म्हणून बांधलेल्या पुस्तकांचे फोटो नव्यानं काढले. काढतच होतो तर कण्याचेही काढले. मांडणीवर पुस्तक कणा दाखवत उभं असतं, आणि आपण मात्र वेबसाइटवर नेहमी त्याचा चेहरा दाखवतो. पुस्तकाच्या पानावर आता दोन्ही आहे: मुखपृष्ठ ओळखायला, कणा शोधायला.

भावनेचे निकष मात्र कुठल्याही टॅगमधून निघत नाहीत. हसू येणारं, थोडी भीती वाटणारं, रडू येणारं. ते कुणीतरी वाचूनच लिहावं लागतं. यंत्राकडून सारांशावरून ओळखून घ्यावं असा प्रस्ताव आला होता, मी नाही म्हटलं. 'भीती' शब्द सारांशात आला म्हणून पुस्तक भीतीदायक होत नाही. भीती घालवण्याच्या पुस्तकांतच तो जास्त येतो. आम्ही तो रकाना रिकामा ठेवला आहे, आणि मुलं पुस्तक परत करताना त्यांना हवं असेल तर एक चेहरा निवडतात. हळूहळू भरतोय. आणि हो, 'यात प्राणी मरतो' असाही एक रकाना मॅडमनी स्वतःहून सुरू केला. तो त्याच भरतात, आठवणीवरून.

पडद्यावरच्या गोष्टींबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. बटणं मोठी हवीत. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या निकषांच्या २.२ या आवृत्तीत, २०२३ साली, किमान २४ बाय २४ पिक्सेल असं माप आलं. ते मोठ्यांसाठीही कमीत कमी आहे, लहान मुलांना मी त्याच्या दुपटीहून खाली उतरत नाही. चार-पाच वर्षांची मुलं माउसनं लक्ष्यापर्यंत झटकन पोचतात, पण पोचल्यावर त्याच्या भोवती घुटमळत राहतात, असं हुआन पाब्लो उर्कादे आणि मेरीलँडमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४च्या अभ्यासात दाखवलं होतं. बटणांमध्ये मोकळी जागा का हवी, ते यावरून कळतं. ओढून सोडायच्या हालचाली नकोत. वर माउस नेल्यावरच दिसणाऱ्या सूचना नकोत, फोनवर 'वर नेणं' नसतंच. सूचना मुळातच नकोत, सगळ्या मुलांना त्या वाचता येत नाहीत. जाहिरात किंवा तिच्यासारखं दिसणारं काहीही नको. मुलांना जाहिरात आणि मजकूर यांत फरक करता येत नाही, हे वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत ते तपासणाऱ्या जेकब निल्सन यांच्या गटानं २००२मध्येच नोंदवून ठेवलंय.

आणि वय. 'पाच ते बारा' असा वयोगट कागदावरच असतो. पाच वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, आणि अकरा वर्षांच्या मुलीला मित्रमैत्रिणींसमोर घुबडाच्या पानावर दिसायचं नसतं. आम्ही दोन दारं केली. त्यांवर वय लिहिलं नाही: एक चित्रांचं, एक शब्दांचं. कुणी कुठूनही यावं. मोठी मुलं कधी कधी गुपचूप चित्रांच्या दारानं येतात, तेही त्यांना जमावं.

मुलांना विचारायचं कसं, हाही एक उद्योग आहे. "आवडलं का?" या प्रश्नाला मूल "हो" म्हणतं. समोरचा मोठा माणूस दुखावला जाऊ नये एवढी समज त्याला असते. एकट्या मुलाला "मनात काय येतं ते बोलत राहा" म्हटलं तर ते गप्प होतं. दोन मुलांना एका पडद्यासमोर बसवलं की ती आपसात भांडतात, आणि त्या भांडणात सगळं कळतं. ड्रुइन यांनी मुलांच्या चार भूमिका सांगितल्या आहेत: वापरणारा, तपासणारा, माहिती देणारा आणि आराखड्यातला भागीदार. भागीदारीपर्यंत जायला वेळ आणि रोजची मुलं लागतात. आम्ही माहिती देणाऱ्यापर्यंत पोचलो. त्यांची चिठ्ठ्यांची पद्धत मात्र वापरली. काय आवडलं, काय नाही, काय करता येईल, प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिकट चिठ्ठीवर, आणि मग सगळ्या भिंतीवर लावून सारख्या सारख्या एकत्र करायच्या. भिंतीवर चिठ्ठी कोणाची ते कळत नाही, त्यामुळे नापसंतीच्या चिठ्ठ्या भराभर येतात.

त्यातल्या एका चिठ्ठीवर होतं: 'काहीही दे'. असं बटण हवं होतं त्या मुलाला. दाबलं की कुठलंही एक पुस्तक. मॅडमनी ते उचलून धरलं, पण अट घातली की हे बटण देवघेवीच्या नोंदी बघून चालावं आणि जी पुस्तकं बराच काळ कुणी नेली नाहीत ती जास्त वेळा यावीत. "प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ सालीच लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वेबसाइटी नेहमी आधीच गाजलेलीच पुस्तकं पुढे करतात."

आमचं एका गोष्टीवर अजून एकमत नाही. माझं म्हणणं, जे पुस्तक आत्ता मांडणीवर नाही ते मुलाला दाखवूच नये. 'दिनांक अमुकपर्यंत बाहेर' हे वाक्य लहान मुलाला काही सांगत नाही, आणि ती तारीख परत करायची असते, परत येण्याची नव्हे. मॅडमचं म्हणणं, मग मूल आरक्षण करायला कधी शिकणार, वाट बघायला कधी शिकणार? तूर्तास चित्रांच्या दारात फक्त हजर पुस्तकं दिसतात आणि शब्दांच्या दारात सगळी.

लॉगिनच्या बाबतीत मात्र दोघी एका बाजूला होतो. मुलांची माहिती गोळा करण्याचे कायदे जागोजागी आहेत: अमेरिकेचा १९९८चा कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी, युरोपचा सोळापर्यंत आणि सदस्य देशानं ठरवलं तर तेरापर्यंत, भारताचा २०२३चा तर अठरापर्यंत, पालकांची पडताळलेली संमती मागणारा. यातून सुटायचा सोपा रस्ता म्हणजे गोळाच करायचं नाही. पण माझं खरं कारण कायदा नाही. घरातले सगळे एकाच कार्डावर असतात. आई-वडील वेगळे होण्याबद्दलचं, किंवा अंगात होणाऱ्या बदलांबद्दलचं पुस्तक मुलानं शोधलं, तर ते पडद्यावर 'तुम्ही अलीकडे पाहिलेलं' म्हणून दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. शिफारशी कमी अचूक आल्या तरी चालतील. शोधाचा इतिहास ठेवतच नाही, आणि 'नंतर बघू' यादी फक्त त्या ब्राउझरपुरती. वाचनालयातल्या सामायिक संगणकावर तीही थोडा वेळ कोणी हात लावला नाही की पुसली जाते.

यादी पुसली जाणार म्हणजे ती न्यायची कशी? त्यासाठी छापायचं बटण आहे. पावतीच्या छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी येते: शीर्षक, कण्याचं चित्र, बोधांक, मांडणीचा क्रमांक. कागद ८० मिलिमीटरचा, त्यात समासही जातो. लांबलचक शीर्षकं कापली जातात, आणि मालिकांच्या पुस्तकांत पहिले शब्द सगळ्या भागांत सारखेच असल्यामुळे नेमका वेगळा भागच कापला जातो. सध्या मालिकेचं नाव गाळून भागाचा आकडा मोठा छापून बघतोय. बोधांक आणखी मोठा करा, असं मॅडमचं म्हणणं आहेच.